मोरीत बसलेला भुऱ्या

मे महिन्यातल्या त्या सकाळी भुऱ्या मोरीत जाऊन बसला होता. ओल्या शहाबादी फरशीवर पोट टेकून, मागचे पाय जरा फाकवून. सोलापूरचा मे म्हणजे सकाळी नऊलाच पत्रा तापायला लागतो, दुपारी पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो आणि रात्री अकराला भिंतीला पाठ टेकली तरी ऊब लागते. अशा दिवसांत मांजर मोरीत बसलं तर नवल कसलं? मी भांडी घासायला गेले तेव्हा त्याला हातानं बाजूला सारलं. तो उठला, उंबऱ्यापर्यंत गेला, परत फिरला आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसला. "बस बाबा, तुलाही उकडायलंय," असं म्हणून मी कामाला लागले.

मधूनमधून तो मान वाकवून मागच्या बाजूला चाटत होता. तेही मी पाहिलं. मांजर दिवसभर अंग चाटतंच, म्हणून पाहून सोडून दिलं.

आमचं घर पूर्व भागात, अशोक चौकाच्या मागच्या बाजूला. दोन खोल्या, वर पत्रा, पुढं सामाईक अंगण आणि दिवसरात्र कुठून ना कुठून येणारी यंत्रमागाची खडखड. शेजारी अव्वा राहतात. सत्तरी ओलांडली तरी मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. त्या तेलुगू, मांजराला 'पिल्ली' म्हणतात. समोरच्या कन्नड घरात ते 'बेक्कू' असतं, मागच्या गल्लीत 'बिल्ली'. भुऱ्याला सगळ्या हाका कळतात आणि सगळ्या घरांत त्याची वाटी ठरलेली आहे. म्हणजे मांजर माझं असलं तरी त्याच्यावर अर्ध्या अंगणाचं लक्ष असतं. एवढ्या सगळ्यांचे डोळे असून त्या दिवशी आम्ही सगळेच चुकलो.

दुपारी तो जिन्याखालच्या घमेल्यात गेला. त्या घमेल्यात चाळलेली रेती असते, तीच त्याची जागा. आत जाऊन बसला, उठला, रेती ओढली, पुन्हा बसला. बाहेर आला. पाच मिनिटांत परत गेला. अव्वांनी दारातूनच बघितलं. "बोका कुथायलाय की गं. पोट साफ झालेलं दिसंना." पटलंच सगळ्यांना. मी कोमट दुधात चमचाभर तूप घालून पुढं ठेवलं. त्यानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. समोरच्या वहिनी म्हणाल्या, उन्हाळी लागली असेल, धन्या-जिऱ्याचं पाणी पाज. उन्हाळी लागणं हे आमच्याकडं घरोघरचं दुखणं. उन्हाच्या दिवसांत लघवीला जळजळ झाली की माणसाला धन्याचं पाणी, सब्जा, ताक देतात आणि माणूस दोन दिवसांत बरा होतो. ड्रॉपरनं मी ते पाणी त्याच्या गालात सोडलं. ते सगळं हनुवटीवरून खाली ओघळलं.

उन्हाळ्यात प्रत्येक गोष्टीला उन्हाळाच कारण वाटतो, हे मी त्या दिवशी शिकले आणि फार महागात शिकले.

संध्याकाळी त्यानं पांढरा फेस ओकला. रात्री कॉटखाली ट्रंकेच्या मागं जाऊन बसला. बारा-साडेबाराला तिथून एक आवाज आला. म्यांव नव्हे. पोटातून ओढून काढल्यासारखा खालच्या पट्टीतला, लांबलचक आवाज. माझा लेक मोबाईलचा टॉर्च घेऊन पालथा पडला, त्यानं एक फोटोही काढला. मी हात आत घातला तर ज्या भुऱ्यानं आयुष्यात मला नख लावलं नव्हतं, तो फिस्कारला. लेक म्हणाला, "आई, ताप असंल. पॅरासिटामॉलची पाव गोळी देऊ या का?" मी गोळी मोडली, लोण्यात घोळवली. भुऱ्यानं जबडा घट्ट मिटून घेतला होता, काही केल्या उघडेना. तो तुकडा मी फळीवर ठेवला आणि सकाळी बघू म्हणून आडवी झाले. झोप कुणाला लागली नाही.

सकाळी भाजीच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये त्याला ठेवलं, वरून जुनी चादर टाकली आणि रिक्षा केली. डॉक्टर मॅडमनी त्याला टेबलावर घेतलं, दोन बोटं आणि अंगठा यांच्यात त्याचं खालचं पोट हलकेच धरलं आणि एकदम थांबल्या. मग माझा हात धरून त्याच जागी ठेवला. आत संत्र्याएवढं काहीतरी होतं, दगडासारखं टणक. "हे मूत्राशय आहे," त्या म्हणाल्या. "लघवी शेवटची कधी केली?"

मी म्हटलं, काल दिवसभर घमेल्यात जातोय की.

"जातोय. पण केली का? रेती ओली दिसली का तुम्हाला?"

त्यानं काल किती खाल्लं ते मला माहीत होतं. सकाळी कुणाच्या वाटीतलं दूध प्यायला, दुपारी कुठं झोपला, तेही सांगितलं असतं. रेती ओली होती का, हे मला माहीत नव्हतं. मी तिकडं बघितलंच नव्हतं.

बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. लघवीतले स्फटिक, वाळूसारखे बारीक कण, किंवा सुजेनं तयार झालेला चिकट गोळा तिथं अडकला की लघवी तुंबते. मूत्राशय फुगत जातं, मागं मूत्रपिंडावर दाब येतो. बाहेर पडायला हवं ते विष रक्तात साठतं, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके मंदावत जातात. पूर्ण तुंबल्यावर २४ ते ४८ तासांत जिवावर बेततं, फार तर तिसरा दिवस. कुंथणं बघून बहुतेक घरांत बद्धकोष्ठच समजतात, असं मॅडम म्हणाल्या. त्या वेळी आमच्या हातून एक सबंध दिवस आणि एक रात्र गेली होती. पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न केला नाही हे बरं केलंत, असंही त्या म्हणाल्या, कारण तेवढ्या दाबानं मूत्राशय फुटू शकतं.

त्यांनी सलाईन लावलं, भूल दिली, बारीक नळी घातली. नळीतून जे आलं त्याचा रंग पातळ कोकमासारखा होता. तीन दिवस नळी ठेवावी लागली. मी रोज दुकानातून सुटल्यावर तिथं जाऊन पिंजऱ्याबाहेर बसायचे आणि पिशवीत किती थेंब पडले ते मोजायचे.

त्या बसण्यात मी विचारायला लागले. मॅडमना वेळ असला की त्या सांगायच्या, न कंटाळता. सगळ्यात आधी मी त्या फळीवरच्या तुकड्याबद्दल विचारलं. त्या ऐकून गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, पॅरासिटामॉल माणसाचं यकृत ज्या वाटेनं निकामी करून बाहेर टाकतं, ती वाट मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. औषधाचं विष होतं, रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू वाहायच्या थांबतात, हिरड्या चॉकलेटी दिसायला लागतात, तोंड सुजतं. एका गोळीनंही मांजर जातं. घरी जाऊन मी आधी तो तुकडा गटारात टाकला. भुऱ्यानं जबडा मिटून घेतला होता, त्याचे पाय धरावेत असं वाटलं.

मग मी विचारलं की तो ओरडला का नाही. सबंध दिवस एवढं दुखत असताना मोरीत बसून राहिला, मी पुढ्यात भांडी घासत होते, एकदा तरी ओरडायचं. मॅडम म्हणाल्या, मांजर हे मुळात एकट्यानं शिकार करणारं जनावर. आपल्या घरातलं मांजर ज्या आफ्रिकन रानमांजरापासून आलं ते कोरड्या मुलखातलं. कळपात नाही, म्हणून दुखलं तर मदतीला कुणी येणार नाही. उलट कोल्ह्या-कुत्र्याला कळलं की हे लंगडतंय, तर तेच त्याला मारणार. त्यामुळं दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. जे काही सांगायचं ते त्याच्या रोजच्या वागण्यातल्या फरकातून.

हे ऐकलं आणि मला माहेरची मनी आठवली.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. मनी दोन दिवस दिसली नाही. तिसऱ्या दिवशी परसातल्या जळणाच्या ढिगामागं सापडली, अंगाचा गोळा करून बसलेली. मी तिला आत आणायला निघाले तर आजी म्हणाली, "राहू दे गं पोरी. मांजराला मरण कळतं. म्हणून ते घराबाहेर एकांतात जातं." आजीचं प्रेम कमी नव्हतं, तिनंच मनीला बोटानं दूध पाजून वाढवली होती. पण तिच्या आईनं तिला तेच सांगितलं होतं. आम्ही वाटीभर दूध तिथं नेऊन ठेवलं आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी मनी गेली. तिला मरण कळलं होतं की ती नुसती आजारी होती आणि आजारी मांजरासारखी लपली होती, हे आता कुणाला विचारू? लपलेलं मांजर म्हणजे दुखणारं मांजर, एवढं आम्हाला ठाऊक असतं तर कदाचित ती अजून काही वर्षं चुलीपुढं बसली असती. ही रुखरुख माझ्या मनातून जात नाही.

लेकानं त्या रात्री काढलेला फोटो मी मॅडमना दाखवला. त्यांनी त्यांच्या मोबाईलवर एक तक्ता काढला. कॅनडातल्या मॉन्ट्रिअल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये तो प्रसिद्ध केला. मांजराच्या चेहऱ्यावरून त्याचं दुखणं ओळखायची मोजपट्टी, 'फेलाइन ग्रिमेस स्केल' म्हणतात तिला. पाच गोष्टी बघायच्या आणि प्रत्येकीला शून्य ते दोन गुण द्यायचे. आम्ही दोघींनी फोटो शेजारी धरून बघितला. कान: नेहमी ताठ आणि पुढं असणारे कान बाजूला पडलेले, दोन्हींतलं अंतर वाढलेलं. डोळे बारीक, ओढून धरल्यासारखे मिटलेले. नाकाखालचा गुबगुबीत भाग ताणून चपटा झालेला. मिशा सैल खाली लोंबायच्या, त्या ताठ सरळ पुढं आलेल्या. आणि मान खांद्याच्या खाली. पाचच्या पाच खुणा त्या एका फोटोत होत्या. रात्री टॉर्चच्या उजेडात मी त्याच चेहऱ्याकडं पाहत होते आणि म्हणत होते, रागावलाय वाटतं.

आता मांजराचं प्रत्येक विचित्र वागणं म्हणजे दुखणं, असंही नाही. खिडकीतून कबुतर दिसलं की दात वाजवत कटकट आवाज काढणं, रात्री दोनला भूत बघितल्यासारखं घरभर धावणं, आपल्या पोटावर पुढच्या पंजांनी कणीक मळणं, चपलेचा वास घेऊन तोंड वासून खुळ्यासारखं बघत राहणं, मेलेला उंदीर उशाशी आणून ठेवणं, हे सगळं निरोगी मांजर करतं. वास घेऊन तोंड वासतं तेव्हा ते टाळूतल्या एका खास इंद्रियापर्यंत वास पोचवत असतं. भुऱ्याच्या आधी आमच्याकडं चिमी नावाची भाटी होती. सात महिन्यांची असताना एका रात्री ती जमिनीवर लोळायला लागली, मागचा भाग वर करून रडायला लागली, कुणी पाठीवर हात ठेवला की आणखीच. आम्हाला वाटलं काहीतरी विषारी खाल्लं. ती नुसती माजावर आली होती. चार-सहा महिन्यांपासूनच त्या माजावर येऊ शकतात, गाभण राहिली नाही तर आठवडाभर हे चालतं आणि थोड्या दिवसांनी पुन्हा सुरू होतं. पुढं तिचं ऑपरेशन करून घेतलं. त्या खेपेला धावपळ फुकट गेली, पण तशी धावपळ दहा वेळा फुकट गेली तरी चालेल, असं माझं आता स्पष्ट मत आहे.

घुरघुरण्याचंही एक सांगते. मांजर मांडीवर बसून घुरघुरतं ते सुखानं, हे खरंच. पण दुखत असताना, घाबरलेलं असताना, अगदी मरणाच्या दारातही मांजर घुरघुरतं. नळी लावलेल्या भुऱ्याला मी बोट लावलं तेव्हा तो घुरघुरत होता. मी आनंदानं रडले. मॅडम म्हणाल्या, यावर जाऊ नका, तो जेवतोय का ते बघा.

जेवणावरून आणखी एक. मांजर आहे, रुसलंय, भूक लागली की खाईल, असं आपण म्हणतो. कुत्रा दोन दिवस उपाशी राहिला तर निभावतं, मांजराचं तसं नाही. खाणं बंद झालं की त्याच्या अंगातली चरबी यकृताकडं धावते आणि यकृत तिच्यात बुडून जातं. लठ्ठ मांजराला हा धोका जास्त. म्हणून सबंध दिवसभर मांजरानं तोंडात काही घेतलं नाही तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठायचा. पिल्लू असेल तर त्याहूनही लवकर. पिल्लाला उलटी-जुलाब सुरू झाले आणि ते पाण्याच्या भांड्यावर मान टाकून नुसतंच बसलं, पाणी पीत नसलं, तर तो बहुतेक पॅनल्यूकोपेनिया नावाचा विषाणूचा आजार असतो. गल्लीतली एका वेतातली सगळी पिल्लं दोन दिवसांत जातात ती बहुतेकदा यानंच. लोक म्हणतात कुणीतरी विष घातलं. त्याची लस मिळते, दीड-दोन महिन्यांच्या पिल्लापासून देता येते.

भुऱ्या घरी आल्यावर दोन-तीन महिन्यांनी अव्वांच्या पिल्लाचं झालं. पांढरं, कानावर काळा ठिपका असलेलं, अव्वांच्या सुपापाशीच वाढलेलं. ते ओकायला लागलं, लाळ गाळायला लागलं, पंजानं सारखं तोंड घासायला लागलं. अव्वांनी त्याचा जबडा उघडून मला हाक मारली. जिभेच्या मुळाशी, खालच्या बाजूला, एक बारीक दोरा रुतला होता. विडी वळून झाली की तिला बांधायचा दोरा. एक टोक जिभेभोवती अडकलेलं आणि दुसरं घशातून आत गेलेलं. अव्वांनी चिमटीत धरून ओढला तसं पिल्लू किंचाळलं. मी त्यांचा हात धरला.

मॅडमनी नंतर सांगितलं ते ऐकून अंगावर काटा आला. जिभेशी टोक अडकलं की बाकीचा दोरा पोटातून आतड्यात उतरत जातो. आतडं तो पुढं ढकलायला बघतं, दोरा हलत नाही, म्हणून आतडंच दोऱ्यावर गोळा होत जातं. परकराच्या नेफ्यातली नाडी ओढल्यावर कापडाला चुण्या पडतात ना, तसं. मग तो ताणलेला दोरा करवतीसारखा आतड्याची भिंत कापतो. म्हणून तोंडातून असो की मागून लोंबत असो, दोरा ओढायचा नाही. कापायचाही नाही. तसंच उचलून डॉक्टरकडं. पिल्लाचं पोट उघडावं लागलं. ते जगलं. आपल्या गावात दोऱ्याला काय तोटा? चादरीचं सूत, टॉवेलच्या दशा, शिलाई मशीनची रिळं, संक्रांतीचा मांजा, दिवाळीनंतर आकाशकंदिलाची झालर. अव्वांनी दोऱ्याची गुंडी आता झाकणाच्या डब्यात ठेवली आहे. तंबाखूचा डबाही उंच फळीवर गेला, कारण तंबाखू पोटात गेली तर मांजराला लाळ सुटते, थरथर सुरू होते, आणि थोडी गेली तरी बाधते.

गोळ्या-औषधांत आणखी एक धोका घरात असतो. कुत्र्याच्या मानेवर गोचीड मारायला जे औषध सोडतात, त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं. ते मांजराला लावलं की काही तासांत झटके येऊ शकतात. दुकानदार "दोघांनाही चालतं" म्हणाला तरी बाटलीवर मांजराचं चित्र असल्याशिवाय लावू नये.

काही गोष्टींना मात्र सकाळपर्यंत थांबायचंच नाही. बोका घमेल्यात जातोय आणि रेती कोरडी आहे, ही माझ्या लेखी पहिली. मांजर तोंड उघडून धापा टाकतंय, ही दुसरी. कुत्रा धापा टाकतो ते आपल्याला सवयीचं, मांजर सहसा असं करत नाही. झोपलेल्या मांजराचे श्वास मिनिटाला ३० च्या आत हवेत, छातीवर नजर ठेवून कुणालाही मोजता येतात. ४० च्या वर गेले तर निघायचं. आपल्याकडच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत कोंडलेलं मांजर उष्माघातानंही धापा टाकतं. त्याला साध्या गार पाण्यानं ओलं करावं, पंखा लावावा आणि दवाखान्यात न्यावं, बर्फाचं पाणी ओतू नये. मागचे पाय एकाएकी लुळे पडले, हाताला गार लागले, मांजर वेदनेनं ओरडतंय, तर हृदयातली गुठळी सुटून पायाच्या रक्तवाहिनीत अडकलेली असू शकते. ते अनेकदा "कुणीतरी काठी मारली" म्हणून घरी ठेवून दिलं जातं. झटके, हिरड्या पांढऱ्याफटक किंवा निळसर होणं, भिंतीला डोकं लावून उभं राहणं, उंचावरून पडणं हेही त्यातच. पडलेलं मांजर चालत आलं म्हणून ठीक आहे असं समजू नये, आतून फुफ्फुसाला किंवा मूत्राशयाला इजा असू शकते.

आणि एक गोष्ट आपल्या गावात कुणी बोलत नाही म्हणून बोलते. एरवी गरीब असलेलं मांजर अचानक अंगावर धावून यायला लागलं, किंवा रानटी मांजर भलतंच सलगीला आलं, आवाज बदलला, गिळता येईना, लाळ गळतेय, तोल जातोय, तर रेबीज असू शकतो. रेबीज फक्त कुत्र्यामुळं होतो असं फार लोकांना वाटतं. अशा मांजराला हात लावायचा नाही, खोलीचं दार ओढून घ्यायचं आणि डॉक्टरला कळवायचं. चावलं किंवा ओरबाडलं असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनाचा सगळा कोर्स घ्यायचा. हळद-चुना लावून बसायचं नाही. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. मांजराला तीन महिन्यांचं झालं की ही लस टोचून घ्यावी, पुढंही डॉक्टर सांगतील तेव्हा. भुऱ्याची तारीख मी गॅसच्या कार्डावर लिहिली आहे.

सगळ्यात फसवी असतात ती हळूहळू बदलणारी वागणी. वहिनींची जुनी मांजर वर्षभरापूर्वी कपाटावर उडी मारायची सोडून देऊन खुर्ची, मग टेबल, मग कपाट अशी चढायला लागली. "वय झालं," म्हणाल्या त्या. २००२ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले, तर ९० मांजरांच्या सांध्यांत झीज दिसली. म्हणजे वय झालं हे खरं, पण गुडघे दुखतात हेही खरं, आणि त्यावर इलाज असतो. म्हातारं मांजर बादलीत तोंड घालून सारखं पाणी प्यायला लागलं तर मूत्रपिंड किंवा साखर तपासावी. खातंय भरपूर पण वाळतंय आणि रात्री घरभर ओरडत फिरतंय, तर थायरॉइड. अंग चाटायचं सोडलं, पाठीवर केसांच्या गाठी झाल्या, तर तोंडात किंवा सांध्यात दुखत असेल. चाटून चाटून पोटावरचे केसच घालवले, तर खाज किंवा ताण. घमेलं सोडून गादीवर लघवी केली तर त्याला मारू नये. ते खोडी काढत नसतं, जळजळतंय म्हणून मऊ किंवा गार जागा शोधत असतं. भुऱ्या मोरीत बसला होता तो त्यासाठीच.

त्याचं कशानं तुंबलं, हे मी खोदून विचारलं. एक कारण ठामपणे सांगता येत नाही, असं मॅडम म्हणाल्या. कमी पाणी, नुसतं कोरडं खाणं, घरातला गोंधळ, असं सगळं मिळून होतं. कोरड्या मुलखातल्या पूर्वजामुळं मांजराला तहान मुळात कमी, त्याचं पाणी त्याच्या शिकारीतून मिळायचं. उंदरात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, पाकिटातल्या कोरड्या दाण्यांत दहा टक्के. एप्रिलपासून मी त्याला दाणेच घालत होते, कारण उन्हात मासळी टिकत नाही. त्यात नणंदेच्या मुलीच्या लग्नासाठी घरात पंधरा माणसं. आणि पाणी. आमच्याकडं नळाला चार दिवसांआड पाणी येतं. मला तेव्हा आठवलं की पाण्याच्या दिवशी भुऱ्या नळाखाली मान तिरकी करून कितीतरी वेळ धार चाटायचा, आणि बाकीच्या दिवशी त्याच्या वाटीतल्या पाण्याची पातळी जिथल्या तिथं असायची. पिंपातलं शिळं पाणी त्याला नको असायचं. हेही मी बघत होते आणि लाडानं लोकांना सांगत होते, आमच्या बोक्याचे नखरे बघा.

आता चार ठिकाणी चार पसरट वाट्या असतात, घमेल्यापासून लांब, आणि रोज सकाळी कळशीतलं गाळलेलं पाणी त्यांत बदलतं. दाण्यांवर कोमट पाणी ओततो, उकडलेल्या कोंबडीचं बिनमिठाचं, बिनकांद्याचं पाणी घालतो. कांदा-लसूण त्याला बाधतात. महिन्यातून एकदा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन तराजूवर बसवते, दुकानदार आता आपणहून वजन ओरडून सांगतो. दवाखान्यात जायचा क्रेट सणासुदीलाही कॉटखाली ठेवलेला असतो, आत तीच चादर, म्हणजे त्याला तो परका वाटत नाही, दुपारी तिथंच झोपतो. आणि काही वेगळं वाटलं की लेक आधी मोबाईलवर व्हिडिओ काढतो, कारण डॉक्टरच्या टेबलावर मांजर पुतळ्यासारखं बसतं, घरी काय करत होतं ते तिथं करून दाखवत नाही.

पहाटे साडेपाचला माझी झोप उघडते ती रेती ओढल्याच्या आवाजानं. मागावरची रात्रपाळी सुटायची असते, अव्वांच्या दारात दिवा लागलेला असतो. मी चपला घालून टॉर्च घेते, जिन्याखाली जाते, पळी घेऊन रेती बाजूला करते. भुऱ्या पायरीवर बसून शेपटी पायांभोवती गुंडाळून बघत असतो. अव्वा तिकडून विचारतात, "हाय का गं?"

आज दोन होते, लिंबाएवढे ओल्या रेतीचे गोळे. "हाय अव्वा, दोन हायेत," म्हटलं आणि आत जाऊन चहा ठेवला.